मुतालिक, प्रमोद

कर्नाटकातील कट्टर हिंदुत्ववादी नेते आणि श्रीराम सेनेचे प्रमुख. मूळचे बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीचे. हुबळी, किनारी कर्नाटक आणि बेंगळुरू ही त्यांची मुख्य कार्यक्षेत्रे. विधानसभेवर किंवा लोकसभेवर ते कधीही निवडून गेले नाहीत. त्यांचा प्रभाव मतपेटीतून आला नाही. तो रस्त्यावरची दहशत आणि तिला मिळालेली प्रसिद्धी यांतून आला.

जडणघडण : राष्ट्रीय स्वयंसेवक संघातून पुढे आलेले मुतालिक बजरंग दलाचे दक्षिण भारताचे संयोजक झाले. चिक्कमगळूरजवळच्या बाबा बुडनगिरी येथील दत्तपीठ केवळ हिंदूंचे आहे, असा दावा करणाऱ्या आंदोलनात ते आघाडीवर होते. हिंदू-मुस्लिम दोघेही जिथे माथा टेकवत, त्या ठिकाणाला या आंदोलनाने संघर्षभूमी बनवले. पुढे संघ परिवाराशी बिनसल्यावर ते काही काळ शिवसेनेत होते. बेळगावच्या सीमाप्रश्नावर तिथे सूर जुळणे शक्य नव्हते, आणि ते बाहेर पडले. त्यानंतर श्रीराम सेना हीच त्यांची ओळख ठरली.

मंगळूरचा हल्ला : २४ जानेवारी २००९ रोजी श्रीराम सेनेच्या कार्यकर्त्यांनी मंगळूरमधील ‘ॲम्नेशिया’ या पबमध्ये घुसून तरुण-तरुणींना मारहाण केली. केस धरून ओढल्या जाणाऱ्या, जीव घेऊन पळणाऱ्या मुली वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांमुळे देशभर दिसल्या. मुतालिक यांनी संस्कृतिरक्षणाच्या नावाने हल्ल्याचे समर्थन केले. त्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. राष्ट्रीय महिला आयोगाच्या सदस्य निर्मला व्यंकटेश यांनी पबमधील सुरक्षेच्या त्रुटींवर बोट ठेवल्याने संताप उसळला आणि त्यांना पद गमवावे लागले. मार्च २०१८ मध्ये मंगळूरच्या न्यायालयाने पुराव्याअभावी मुतालिक व अन्य आरोपींची निर्दोष मुक्तता केली. देशाने डोळ्यांनी पाहिलेली मारहाण न्यायालयात सिद्ध होऊ शकली नाही, हे तपासयंत्रणेचे मोठे अपयश आहे.

प्रतिकार : ‘व्हॅलेंटाइन डे’ला एकत्र दिसणाऱ्या जोडप्यांची लग्ने लावून देऊ, अशी धमकी मुतालिक यांनी २००९ मध्येच दिली. पत्रकार निशा सुसान आणि त्यांच्या मैत्रिणींनी उत्तरादाखल त्यांना गुलाबी अंतर्वस्त्रे पाठवण्याचे आवाहन केले, आणि देशभरातून पार्सले निघाली. १४ फेब्रुवारीपूर्वी मुतालिक यांना प्रतिबंधात्मक अटक झाली. त्याच सुमारास बेंगळुरूत तरुणींना रस्त्यात अडवून मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. हे हल्लेखोर सेनेचे असल्याचे सिद्ध झाले नाही. पण शहरातील स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या आणि निर्भयपणे वावरण्याचा हक्क त्यांनी ठणकावून मांडला.

वाद : पैसे घेऊन दंगल घडवून आणण्याची तयारी सेनेच्या नेत्यांनी दाखवली, असा आरोप २०१० मध्ये ‘तहलका’ने छुप्या चित्रीकरणाच्या आधारे केला, मुतालिक यांनी तो फेटाळला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरात पत्रकार गौरी लंकेश यांची त्यांच्या घराच्या दारात गोळ्या झाडून हत्या झाली. पंतप्रधानांच्या मौनावर टीका होत असताना, कर्नाटकात एखादे कुत्रे मेले तर मोदींनी बोलायला हवे का, असा सवाल मुतालिक यांनी जून २०१८ मध्ये बेंगळुरूत केला. चौफेर निषेधानंतर आपण तशी तुलना केली नव्हती, असा खुलासा त्यांनी केला. एका निर्घृण हत्येविषयी जाहीर सभेत असे बोलले जाते, तेव्हा समाजाच्या बोलण्याची पातळीच खाली येते. हत्येच्या तपासात सेनेशी संबंध असल्याची चर्चा झाली, तेव्हा त्यांनी तो नाकारला.

राजकीय वाटचाल : २३ मार्च २०१४ रोजी हुबळीत त्यांना भारतीय जनता पक्षात वाजतगाजत प्रवेश देण्यात आला. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यासह पक्षातूनच विरोध झाला आणि केंद्रीय नेतृत्वाने काही तासांत प्रवेश रद्द केला. त्याच वर्षी गोवा सरकारने त्यांना राज्यात येण्यास बंदी घातली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. मे २०२२ मध्ये अजानच्या भोंग्यांविरुद्ध पहाटे मंदिरांतून हनुमान चालीसा लावण्याची मोहीम त्यांनी पुकारली. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत कारकळमधून ते भाजपच्या व्ही. सुनीलकुमार यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिले. त्यांना साडेचार हजारांच्या आसपास मते पडली आणि अनामत रक्कम जप्त झाली.

मूल्यमापन : निवडणुकीतील अपयशावरून मुतालिक यांना किरकोळ ठरवणे चुकीचे आहे. त्यांनी पुढे रेटलेले विषय मोठ्या पक्षांच्या भाषणांत आले. मुलीने कुठे बसावे, कुणाशी बोलावे हे ठरवण्याचा अधिकार जमावाला आहे, ही कल्पना किनारी कर्नाटकात रुजवण्यात त्यांच्या संघटनेचा मोठा वाटा आहे. मतदारांनी त्यांना नाकारले, तसे पोलीस, न्यायव्यवस्था आणि राजकीय पक्ष यांनी या कल्पनेला वेळीच व ठामपणे नाकारले असते, तर अनेक मुलींचे घराबाहेरचे जग इतके आक्रसले नसते.