महाराष्ट्रातील कीटकभक्षी वनस्पती: नोंदींचा इतिहास

घटपर्णी ही कीटकभक्षी वेल महाराष्ट्रात निसर्गतः उगवत नाही. भारतात तिची नेपेंथिस खासियाना ही एकच जाती असून ती मेघालयातील खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत आढळते. जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८७३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. त्याआधीच, १८६२ मध्ये, इंग्लंडमधील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी घटपर्णीचा पहिला कृत्रिम संकर तयार केला होता. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येत असल्याने संकरासाठी दोन्ही एकाच सुमारास फुलावी लागतात. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील काचगृहांत नवनवे संकर निघत राहिले.

महाराष्ट्रात अशी बागायती परंपरा नव्हती. इथला इतिहास आहे तो रानातल्या जाती शोधून त्यांची नोंद करण्याचा. दवबिंदू (ड्रॉसेरा) आणि सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) हे इथले दोन प्रमुख गट. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतात. कीटक चिकटला की केस त्याच्यावर वाकतात. सीतेच्या आसवांचे सापळे मात्र पाण्यात किंवा ओल्या मातीत दडलेले असतात. या इवल्या पिशव्या पाण्यासह सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु पिशवीची ही ओढ त्यांच्या ध्यानात आली नव्हती. कीटक स्वतःच झडप ढकलून आत शिरतात, असे त्यांना वाटले.

सह्याद्रीतील नोंदी याहून जुन्या आहेत. मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या निकोल डाल्झेल यांनी १८५१ मध्ये युट्रिक्युलॅरिया अल्बोसेरुलिया या जातीचे वर्णन केले. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात त्याहून विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला.

विदर्भ या दोन्ही ग्रंथांच्या कक्षेबाहेर राहिला. १८६१ मध्येच मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली होती. त्यामुळे सह्याद्रीची वनस्पतीसूची जेव्हा पूर्ण झाली, तेव्हा नागपूरच्या सूचीची जेमतेम सुरुवात होत होती. आर. जे. डी. ग्रॅहम यांनी नागपूर आणि तेलंखेडी येथील शेतांवरील रानवनस्पतींची यादी १९११ मध्ये प्रसिद्ध केली. नागपूर जिल्ह्याचा स्वतंत्र वनस्पतीग्रंथ एन. आर. उगेमुगे यांनी १९८६ मध्ये काढला. संपूर्ण राज्याच्या द्विदल वनस्पतींचे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे खंड तर २००० आणि २००१ मध्ये आले.

सीतेच्या आसवांच्या जाती ओळखणे अवघड असते. नाजूक फूल वाळवून दाबले की त्याचा आकार बिघडतो, म्हणून बियांची रचनाही तपासावी लागते. पीटर टेलर यांनी १९८९ मध्ये जगभरातील जातींचा आढावा घेतला, तर एम. के. जनार्दनम आणि ए. एन. हेन्री यांनी १९९२ मध्ये भारतातील जातींवर ग्रंथ लिहिला. त्यानंतर एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातून नव्या जातींची भर घातली. त्यांतल्या एकीला जनार्दनम यांचे नाव दिले आहे. याच वनस्पतींच्या निळ्या-जांभळ्या फुलांसाठी ओळखले जाणारे साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट झाले.

पूर्व विदर्भात मात्र अशा वनस्पती एखाद्या प्रसिद्ध पठारावर एकवटलेल्या नाहीत. ओलसर मुरमाड जमीन, धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचे काठ ही त्यांची ठिकाणे. नत्र कमी असलेल्या जागीच त्या इतरांपुढे टिकतात, कारण ती उणीव त्या कीटकांतून भरून काढतात. खताचे पाणी अशा जागी उतरले की उंच गवत आणि पाणवनस्पती फोफावतात आणि या इवल्या वनस्पती मागे पडतात. कासला संरक्षण आणि प्रसिद्धी दोन्ही मिळाली. विदर्भातील कीटकभक्षी वनस्पतींचे भवितव्य मात्र तिथल्या तलावांच्या देखभालीवर अवलंबून आहे.