पाठांतरित प्रार्थना आणि श्रद्धेचे सातत्य : जपानमधील गुप्त ख्रिस्ती समाजाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
ख्रिस्ती परंपरेत 'प्रभूची प्रार्थना', 'नमो मरिया' व 'प्रेषितांचा विश्वासांगीकार' या प्रार्थना पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत केल्या गेल्या. सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारकांनी अर्थ न समजता केलेल्या पठणावर कठोर टीका केली व मत्तयकृत शुभवर्तमानातील निरर्थक बडबडीविषयीच्या इशाऱ्याचा आधार घेतला. ही टीका निराधार नव्हती. तथापि, पुरोहित, ग्रंथ व मंदिर ही तिन्ही हिरावली गेली असता पाठांतर कोणते कार्य करते, या प्रश्नाचे उत्तर जपानच्या इतिहासात सापडते.

गोव्यापासून नागासाकीपर्यंत :
फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. रस्त्यातून घंटा वाजवीत तो मुलांना गोळा करी व त्यांच्याकडून प्रार्थना तालासुरात घोकून घेई. हीच पद्धत घेऊन तो १५४९ मध्ये कागोशिमास पोहोचला. तेथे आरंभी त्याने परमेश्वरासाठी 'दाइनिची' हे बौद्ध परंपरेतील नाव वापरले. त्यातून गैरसमज होतो असे ध्यानात येताच त्याने 'देउस' हा शब्द स्वीकारला. पुढेही 'कृपा' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचे 'गारासा' असे रूप प्रार्थनेत तसेच ठेवले गेले. मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर आधारलेली जपानी 'दोचिरिना किरिशितान' सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापली गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याच प्रश्नोत्तरीच्या आधारे रचलेली कोंकणी 'दौत्रिना क्रिस्तां' त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे मुद्रित झाली. म्हणजेच गोव्यातील व जपानमधील नवख्रिस्ती एकाच शिक्षणपद्धतीचे विद्यार्थी होते.

बंदीचा काळ :
१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली. १६४४ मध्ये कोनिशी मान्शो हुतात्मा झाल्यानंतर देशात उघडपणे वा लपून सेवा करणारा पुरोहित उरला नाही. धर्मग्रंथ बाळगणे जिवावर बेतणारे होते. कंठस्थ शब्दांची मात्र झडती घेता येत नव्हती. लॅटिन 'ओरातियो' या शब्दावरून प्रार्थनांना 'ओराशो' हे नाव पडले होते. गावोगावच्या समाजांनी कामे वाटून घेतली. सणांचे दिवस मोजणारा एक व बाप्तिस्मा देणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती. बाप्तिस्म्याचे वचनही स्मरणावरच अवलंबून होते. पापकबुली ऐकण्यास कोणी नसल्यामुळे संपूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना अत्यंत मोलाची ठरली. पुरोहिताविना क्षमेची आशा धरण्याचा मार्ग ती दाखवीत होती.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा चर्चमध्ये उराकामीच्या काही ग्रामस्थांनी फादर बर्नार्ड पेतिजाँ यांच्याकडे आपली श्रद्धा प्रकट केली. त्यानंतर उराकामीच्या ३,००० हून अधिक ख्रिस्ती जनांना हद्दपारी भोगावी लागली. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरविले गेले.

मूल्य आणि मर्यादा :
दोन शतकांत शब्दांची झीज झाली. इकित्सुकी बेटावरील ओराशोंतील लॅटिन शब्द म्हणणाऱ्यांनाही उमगत नव्हते. तरीही संगीताभ्यासक तात्सुओ मिनागावा यांना त्यांतील एका गीताचे मूळ सोळाव्या शतकातील इबेरियन स्तोत्रात आढळले. स्मृतीने अर्थ गमावूनही चाल राखली होती. येथे सुधारकांच्या आक्षेपाचे बळ जाणवते. बंदी उठल्यावर अनेक जण कॅथलिक चर्चमध्ये परतले. काहींनी मात्र पूर्वजांचा ओराशो सोडला नाही. ज्या शब्दांसाठी पूर्वजांनी प्राण पणास लावले, ते अशुद्ध म्हणून टाकून देणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले असावे.

निष्कर्ष :
पाठांतर हे आकलनाला पर्याय ठरू शकत नाही. ते आकलनाची शक्यता पुढील पिढीसाठी राखून ठेवते. वेदपठणाची मौखिक परंपरा जाणणाऱ्या भारतीय अभ्यासकास हे अपरिचित नाही. जपानमधील ख्रिस्ती शेतकरी व कोळी यांच्यापाशी पाठशाळा नव्हती, गुरुकुल नव्हते. तरीही १८६५ मध्ये ते ओउरा चर्चच्या दारात उभे राहिले, तेव्हा आपण कोण आहोत हे त्यांना सांगता आले. पाठांतरित प्रार्थनेचे ऐतिहासिक मूल्य यातच सामावले आहे.