छत्तीसगढमध्ये आलेल्या आणि गेलेल्या लिपी

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात सोव्हिएत अभियंत्यांबरोबर दुर्गच्या माळावर रशियन भाषा आली आणि तिची सिरिलिक लिपीही आली. ही लिपी नवव्या शतकातील संत सिरिल यांच्या नावाने ओळखली जाते. पण सिरिल यांनी रचली ती ग्लागोलिती लिपी, सिरिलिक पुढे बल्गेरियात ग्रीक अक्षरांवरून घडली. लिपींच्या इतिहासात श्रेय असे चुकीच्या पत्त्यावर अनेकदा गेले आहे.

दुरून आलेली लिपी या प्रदेशाला नवी नव्हती. महानदीच्या खोऱ्यात अनेक लिपी आल्या, राजकाजात वावरल्या आणि वाचणारे उरले नाहीत तेव्हा मुक्या झाल्या.

यातला सर्वांत हृदयस्पर्शी पुरावा लाकडाचा आहे. १९२१ साली तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावी, हिराबांध नावाच्या तलावातील गाळ उपसताना एक लाकडी खांब सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख कोरलेला होता. अक्षरवटिकेवरून तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ठरतो. शतकानुशतके पाण्याखाली शाबूत राहिलेले ते लाकूड उन्हात येताच वाळले, त्याचा पृष्ठभाग सोलपटून निघाला आणि त्याबरोबर बहुतेक अक्षरेही गेली. सुदैवाने लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक पंडितांनी ती दिसली तशी आधीच उतरवून घेतली होती. आज लेखाचा जो पाठ आपल्यापाशी आहे, तो प्रामुख्याने या नकलेच्या आधारावर. त्यात राजाची स्तुती नाही, आहेत ती अधिकाऱ्यांची पदे: सेनापती, नगररक्षी, प्रतिहार, गणक, भांडागारिक, पत्रे पोचविणारा लेखहारक, मुदपाकखान्याचा महानसिक. कोणत्याही विजयगाथेपेक्षा ही यादी मला अधिक मोलाची वाटते, कारण इतक्या जुन्या काळी येथे लेखन ही कारभाराची गरज होती, हे तीतून उघड होते. हा खांब आता रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे.

त्यानंतर तीन-चार शतकांनी येथील ताम्रपटांवर पेटिकाशीर्षक लिपी दिसू लागते. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर चिमुकली चौकोनी पेटी असते, म्हणून हे नाव. शरभपुरीय राजांचे संस्कृत दानपत्र आणि विदर्भातील वाकाटकांचा ताम्रपट शेजारी ठेवले, तर राजवंश वेगळे असूनही अक्षरांचे गोत्र एकच असल्याचे लगेच ध्यानात येते. वाकाटकांचे लेख ग्रंथरूपाने एकत्र आणले ते नागपूरच्या वा. वि. मिराशी यांनी, १९६३ साली.

नागपूरकडून पुढे आणखी एक लिपी आली. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. त्यांच्या राजवटीत मराठी भाषा आणि मोडी लिपी दफ्तरात शिरली. मोडी ही घाईची लिपी. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे गुंफीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाची चिकित्सा तेथे नाही. लिहिणाऱ्याला ती जितकी सोयीची, तितकीच न शिकलेल्याला अगम्य. आपल्या नावावर किती सारा बसला आहे, हे छत्तीसगढी बोलणाऱ्या शेतकऱ्याला त्या कागदावरून कळत नसणार; भोसलेशाहीच्या अभिमानात आपण मराठी माणसे ही बाजू सहसा पाहत नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि दफ्तराची गरज सरली तशी येथली मोडीही सरली. छत्तीसगढी मात्र जिथल्या तिथे राहिली. हिरालाल काव्योपाध्याय यांनी तिचे व्याकरण १८८५ मध्ये लिहिले आणि ग्रियर्सन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० मध्ये प्रसिद्ध केला.

गोंडीची कथा याच्या उलट. ती द्राविडी कुळातली. छत्तीसगढी-मराठीच्या शेजारी नांदूनही त्यांच्या कुळाची नव्हे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र लिपी रचली. २००६ मध्ये आदिलाबादजवळच्या गुंजाला गावी दुसऱ्याच एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली. युनिकोडने २०१४ मध्ये मोडीला, २०१७ मध्ये मसराम गोंडीला आणि २०१८ मध्ये गुंजाला गोंडीला संकेतांक दिले. संगणकाच्या दृष्टीने तिन्ही लिपी आता सारख्याच जिवंत आहेत.

कागदावरची गोंडी मात्र बहुधा राज्याच्या लिपीत उतरते: महाराष्ट्र, छत्तीसगढ आणि मध्य प्रदेशात देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत. आदिलाबादच्या भाच्याने तेलुगू अक्षरांत लिहिलेली गोंडी चिठ्ठी गडचिरोलीतल्या त्याच्या मामाला वाचता येणार नाही. कोणी मोठ्याने वाचून दाखविली, तर तिचा अर्थ त्याला समजेल.