देवघेवीच्या वहीतला फास्टर फेणे

मराठी साहित्याचा इतिहास आपण लेखकांची नावे, ग्रंथांची प्रकाशनवर्षे आणि समीक्षकांचे अभिप्राय यांच्या आधारे लिहीत आलो आहोत. वाचक या इतिहासात येतो तो 'लोकप्रिय' या एका विशेषणापुरता, आणि तेही विशेषण बहुधा किंचित नाक मुरडून वापरलेले असते. परंतु काही वाङ्मयप्रकार असे असतात, की ज्यांत वाचकांची आवड हाच पुढील घडामोडींचा कर्ता ठरतो. पडद्याशी नाते असलेली पुस्तकमाला हा तसा एक प्रकार होय.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण 'स्टार वॉर्स'चे आहे. १९८३ साली पहिल्या तीन चित्रपटांची मालिका पूर्ण झाली आणि पुढे कित्येक वर्षे नवा चित्रपट आला नाही. १९९१ मध्ये टिमथी झान या लेखकाची 'हेअर टू द एम्पायर' ही कादंबरी आली. तीत थ्रॉन नावाचा एक सेनानी होता. चित्रकला पाहून शत्रूचे मन ओळखणारा हा खलनायक कोणत्याही चित्रपटात नव्हता. तो पुस्तकातच जन्मला. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले. २०१४ साली मालकी हक्क असलेल्या कंपनीने ही सारी जुनी पुस्तके अधिकृत कथेबाहेर काढून 'दंतकथा' या सदरात टाकली. तरीही २०१६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेतून थ्रॉनला परत आणावेच लागले, आणि २०२३ मध्ये त्याची भूमिका प्रत्यक्ष नटाने केली. कंपनीने पुसलेली रेघ वाचकांच्या आवडीने पुन्हा ओढून घेतली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मराठीत असे काही घडले आहे काय? पडद्यावरून पुस्तकात उतरलेली विज्ञानकथामाला आपल्याकडे रुजली नाही. आपला प्रवाह उलट्या दिशेने, पुस्तकाकडून पडद्याकडे, वाहिला. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा हा पोरगा वीसच्या आसपास पुस्तकांतून वावरला. १९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि सुमीत राघवनने ती भूमिका केली. पुढे तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट आला. त्याच्या निर्मितीत मूळचे लातूरचे रितेश देशमुख होते, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकाला सुखावणारी आहे.

फास्टर फेणे ही विज्ञानकथा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. ती साहसकथा आहे. पण ती लिहिणारा हात कोणत्या तालमीत घडला हे पाहिले पाहिजे. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरी आणणारे भागवतच होते. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नावांतच त्यांची भाषांतरदृष्टी दिसते: परकी कल्पना आणि अस्सल मराठी बोली. पुढे 'उडती छबकडी'सारखे पुस्तक त्यांनी याच वाटेने लिहिले. संकट समोर येताच हात जोडण्याऐवजी डोके चालवायचे, ही व्हर्नच्या नायकांची रीत फेणेनेही उचलली आहे. मराठी विज्ञानकथेचा वाचक घडवण्याचे काम या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांनी मिळून केले.

याउलट, प्रौढांसाठीच्या मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली ती परीक्षकांच्या आणि अध्यक्षीय भाषणांच्या द्वारे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. त्यामागे जयंत विष्णु नारळीकर होते, आद्याक्षरे उलटी करून बसलेले. १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली, आणि २०२१ मध्ये नारळीकर स्वतःच नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा प्रवास नोंदलेला आहे, कारण तो व्यासपीठांवरून झाला. फेणेचा प्रवास सतरंजीवर, माळ्यावर, शाळेच्या दप्तरात झाला. त्याची नोंद कोणी केली?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांला उमरीत सापडले. गावातल्या एका जुन्या वाचनालयात फेणेच्या पुस्तकाची एक प्रत हाती आली. पुठ्ठा दोनदा शिवलेला, पाने कोपऱ्यांशी काळवंडलेली. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के इतक्या दाटीने, की खाली दुसरी चिठ्ठी जोडावी लागलेली. त्याच फळीवर एक नावाजलेला समीक्षाग्रंथ होता. त्याची चिठ्ठी जवळजवळ कोरी. आम्ही स्वतः समीक्षा शिकवतो. तेव्हा ही तुलना आम्हांला फारशी सुखद वाटली नाही.

पण त्या फळीने आणखी एक गोष्ट शिकवली. मालेतील पुस्तके तेथे सलग नव्हतीच. जी आली ती आली; पहिले नाही, मधलेच आहे, शेवटचे कुणीतरी परत केलेले नाही. आपल्या पिढीतील कोणालाही विचारा, प्रत्येकाचे एक लाडके पुस्तक असते: कोणाचे 'चक्रीवादळात फास्टर फेणे', कोणाचे 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. बहुधा ते त्याच्या हाती पहिल्यांदा लागलेले असते. म्हणजे आवड ही केवळ मनाची गोष्ट नसते. ती पुरवठ्याची सावलीही असते. पुण्यातील मुलाने दुकानात निवड केली असेल. उमरीतील मुलाने जे पोहोचले त्यावर प्रेम केले.

हे अंतर समजून घेण्यासारखे आहे. उमरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. येथून रेल्वेने निजामाबाद जवळ, हैदराबाद ओळखीचे. पुणे मात्र दूर. विद्याभवन, पेठा, सायकलींची गर्दी हे येथल्या मुलासाठी परके जग होते. फुरसुंगी आणि व्हर्नचा चंद्र त्याला सारख्याच अंतरावर होते. पुण्याच्या वाचकाला फेणे हा शेजारचा मुलगा वाटला असेल. आमच्याकडे तो प्रवासवर्णनाचा नायक होता. एकच पुस्तक, पण वाचन दोन.

२०१७ च्या चित्रपटाने यांतले काहीतरी नेमके ओळखले होते. त्याने कोणतेही एक पुस्तक जसेच्या तसे उचलले नाही. फेणेला मोठा करून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गैरव्यवहारात आणून सोडले, आणि खुद्द भा. रा. भागवतांनाच एक पात्र केले; ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. कथानके बाजूला राहिली. मुलगा आणि त्याचा लेखक तेवढे उरले. वाचकांच्या स्मरणातही नेमके हेच उरले होते. थ्रॉनप्रमाणे येथेही पडद्याने वाचकांच्या पसंतीचा हुकूम मानला.

ही पसंती सिद्ध कशाने करायची? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर महाराष्ट्रात अनुदानित वाचनालये गावोगाव पसरली, आणि त्यांच्याबरोबर देवघेवीच्या वह्याही आल्या. ओबडधोबड अक्षरात, शाईच्या डागांसह, मराठी वाचकाचे आत्मचरित्र या वह्यांत लिहिलेले आहे. आज संगणकीकरणाच्या आणि जागेच्या टंचाईच्या नावाखाली त्या रद्दीत जात आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील चार जिल्ह्यांत दरवर्षी कितीतरी विद्यार्थी मराठीचे एम. ए. करतात. त्यांतील एखाद्याने तरी पन्नास कादंबऱ्यांवरील तेच ते प्रकल्प सोडून आपल्या गावच्या वाचनालयातील एका वर्षाची वही उतरून काढावी. कोणते पुस्तक आले, कोणते आलेच नाही, कोणते परत करायला कोणाचे मन झाले नाही, हे त्यातून कळेल. ती वही रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी हे व्हायला हवे.