हेडफोनची दोन घराणी

हेडफोन ही मोबाइलच्या काळातली वस्तू नव्हे. १९१०च्या सुमारास अमेरिकेच्या नॅथॅनियल बाल्डविनने आपले हेडफोन तिथल्या नौदलाला दिले ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. संगीतासाठी ते कानांवर चढले १९५८ साली, जॉन कॉसच्या स्टिरिओ हेडफोनमुळे. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझरने 'एचडी ४१४' काढला आणि उघड्या पाठीचे दुसरे घराणे सुरू झाले. आवाज मोकळा, पण बाहेरही सांडणारा.

माझा भाचा आदिलाबादला चौघांत एक खोली घेऊन राहतो. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. आकाशवाणीचे केंद्र तिथे १९८६ पासून आहे, त्यावर तेलुगूबरोबर गोंडीही लागते. पण भाच्याला रात्री हवे असतात आपले मंगेशीचे अभिषेकीबुवा, आणि बाजूच्या खाटेवरच्याला झोप. उघड्या पाठीत तंबोऱ्याची आस काय सुरेख येते! पण ती शेजाऱ्याच्या उशीपर्यंतही पोचते. म्हणून मी त्याला बंद पाठीचा, कान पूर्ण झाकणारा घ्यायला सांगितले. बाहेरची गडबड अडते, त्यामुळे हळू आवाजातही बारीक जागा कळतात. गाणे किंचित कोंडल्यासारखे वाटते खरे, पण चौघांच्या खोलीत मध्यरात्री बुवा ऐकायचे तर तेवढे सोसावे लागते.