प्रकाशाची गळती : एका दोषाची कुळकथा

प्रकाशतंतूंचा इतिहास सहसा प्रकाश कोंडून ठेवण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जैविक रेणू ओळखणाऱ्या तंतू-संवेदकांचे मूळ शोधताना मला तो उलट बाजूने वाचावा लागला.

2 जानेवारी 1954 च्या ‘नेचर’मध्ये दोन टिपणे आली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी उघड्या काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवली होती. हॉलंडच्या व्हॅन हील यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाचे आवरण चढवले होते. उघडे तंतू एकमेकांना टेकले किंवा त्यांना बोटाचे तेल लागले, की प्रकाश बाहेर पाझरे. 1956 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने काचेवर काचेचेच आवरण चढवले. त्यामुळे जठराच्या तपासणीची लवचीक दुर्बीण शक्य झाली. गळती हा दोष ठरला, आवरण हा त्यावरचा उपाय.

या गळतीची ओळख मात्र जुनी होती. काचेच्या आत पूर्ण परावर्तित होणारा प्रकाशही पृष्ठभागाबाहेर किंचित डोकावतो आणि लगेच विरतो. न्यूटनला प्रिझमांच्या प्रयोगांत त्याची चाहूल लागली होती. दोन प्रिझमांमधील हवेची फट कमीजास्त केली, की विद्युत-लहरी किती पार होतात, हे कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी तपासले. त्यांचा निबंध 1897 चा. दृश्य प्रकाशाचे हे डोकावणे शंभर-दोनशे नॅनोमीटरांचे असते आणि प्रतिपिंडाचा रेणू दहाएक नॅनोमीटरांचा. म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला रेणू या प्रकाशाच्या टप्प्यात येतो, दूर तरंगणारा येत नाही.

1975 मध्ये क्रॉनिक आणि लिटल यांनी याच आधारावर क्वार्ट्झच्या पट्टीवर चाचणी बसवली: प्रतिपिंडांना चमकते रंगद्रव्य जोडायचे, पट्टीला चिकटतील तेवढेच उजळतात. 1984 मध्ये हर्शफेल्ड यांना तंतूवरील अशा चाचणीचे पेटंट मिळाले. 1993 मध्ये जॉर्गेन्सन आणि यी यांनी तंतूच्या एका तुकड्यावरचे आवरण काढून तिथे धातूचा पातळ थर दिला. हा थर प्रकाशातला एक ठरावीक रंग शोषतो. बाहेरच्या द्रवाचा अपवर्तनांक बदलला, की तो रंग सरकतो. रेणू चिकटला तरी हेच घडते. रंगद्रव्याची गरज उरली नाही.

ज्या आवरणासाठी एका पिढीने जिवाचे रान केले, तेच दुसरीने खरवडून काढले. पण जुनी अडचण संपली नाही. रक्तातली भलतीच प्रथिनेही तंतूला चिकटतात आणि रोगाचा रेणू कोणता, बोटाचे तेल कोणते, हे प्रकाशाला कळत नाही. ती निवड पृष्ठभागावर बसवलेल्या प्रतिपिंडालाच करावी लागते. संवेदकाचा भरवसा म्हणूनच आजही काचेपेक्षा त्या प्रतिपिंडावर अधिक अवलंबून आहे, असे मला वाटते.