सरासरीत नसलेली मुले : अमेरिकेतील गणित चाचण्यांचा एक दुर्लक्षित इतिहास

१/ समजा, एका वर्गात ३० मुले आहेत. २६ जणांची गणितातील सरासरी ७० आणि उरलेल्या चौघांची २५. सर्वांनी परीक्षा दिली, तर वर्गाची सरासरी ६४ येते. चौघांना त्या दिवशी घरी राहू दिले, तर ती ७० होते. कुणीही एक उदाहरण जास्त शिकलेले नाही. तरीही शाळा सहा गुणांनी पुढे गेली. अमेरिकेत कित्येक दशके हे ‘चौघे’ कोण होते, त्याचा हा धागा.

२/ ते प्रामुख्याने दोन गटांतले होते : दिव्यांग विद्यार्थी आणि घरी इंग्रजी न बोलणारे विद्यार्थी. या दोन गटांची सरमिसळही होत असे. १९७० साली कॅलिफोर्नियातील ‘डायना’ खटल्यात स्पॅनिशभाषक घरांतील नऊ मुलांचा प्रश्न पुढे आला. इंग्रजीतील बुद्धिमापन चाचणीवरून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. स्वभाषेत पुन्हा चाचणी घेताच बहुतेकांचे गुण त्या मर्यादेच्या वर गेले. भाषेच्या अडचणीलाच बुद्धीची उणीव समजले गेले होते.

३/ १९७४ मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्याचा निकाल लागला. सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे १,८०० चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिल्याने समान वागणूक सिद्ध होत नाही.

४/ २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. देशातील सुमारे दहा लाख दिव्यांग मुले सार्वजनिक शिक्षणाबाहेर असल्याची नोंद त्या कायद्यातच आहे. शाळेचे दार उघडले. परीक्षेचे मात्र अर्धवटच.

५/ १९६९ पासून देशभरातील विद्यार्थ्यांच्या नमुन्यावर ‘नेप’ ही राष्ट्रीय चाचणी घेतली जाते. एखादे मूल चाचणी देऊ शकणार नाही, असे शाळेला वाटले तर त्याला वगळता येत असे. यामागे कधी खरी कणव होती, कधी निकालाची चिंता. परिणाम एकच : ज्याचे गुण नाहीत, त्याच्या अपयशाचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

६/ समाविष्ट करायचे, पण कसे? वाढीव वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, ब्रेल या सवलती उपलब्ध होत्या. गणितासाठी तर स्वतंत्र ब्रेल संकेतलिपी होती. ती अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने घडवली आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. पण सवलती दिल्यास जुन्या निकालांशी तुलना कशी करायची, ही संख्याशास्त्रज्ञांची शंका होती.

७/ १९९६ च्या ‘नेप’ गणित चाचणीत या शंकेवर प्रयोग झाला. शाळांचे तीन नमुने केले गेले : एकात जुने नियम, दुसऱ्यात समावेशाचे सुधारित नियम, तिसऱ्यात सुधारित नियमांसह सवलती. स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक पुस्तिकाही दिल्या गेल्या. तुलना जपतच दार रुंद करण्याचा हा मार्ग होता.

८/ ‘गणिताला भाषा नसते’ या समजुतीलाही याच काळात धक्का बसला. जमाल अबेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे गुण तपासले. इतर मुलांशी असलेली त्यांची तफावत आकडेमोडीत कमी होती. भाषेचा भार वाढला की ती वाढे. मग त्यांनी गणित तेच ठेवून ‘नेप’च्या उदाहरणांची वाक्ये सोपी केली. लाभ मोठा नव्हता, पण दिसण्याइतका होता. शाब्दिक उदाहरणांशी झगडलेल्या कुणालाही हे पटेल.

९/ कायदाही बदलत होता. १९९७ च्या दुरुस्तीने दिव्यांग विद्यार्थ्यांना राज्यस्तरीय चाचण्यांत सामावून घेणे बंधनकारक केले. ज्यांना सवलतींसहही नेहमीची चाचणी देता येत नाही, त्यांच्यासाठी जुलै २००० पर्यंत पर्यायी चाचणी तयार करायची होती.

१०/ ८ जानेवारी २००२ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर स्वाक्षरी केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी. प्रत्येक गटातील किमान ९५ टक्के मुलांची उपस्थिती. प्रत्येक गटाचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर. ‘चौघांना’ घरी ठेवणारी शाळा आता नापास ठरू शकत होती.

११/ याला दुसरी बाजूही होती. देशात नुकत्याच आलेल्या मुलांना पुढे पहिल्या वर्षी वाचनाच्या चाचणीतून सूट देता येऊ लागली, गणितातून नाही. म्हणजे जुनी समजूत नियमांत टिकून होती. शिवाय शाळेवर कारवाईची टांगती तलवार असल्याने ही मुले काही ठिकाणी ‘निकाल खाली ओढणारी’ ठरण्याचा धोका होता. मोजले जाणे म्हणजे शिकवले जाणे नव्हे.

१२/ २०१५ च्या नव्या कायद्याने शिक्षेचा बराचसा भाग राज्यांवर सोपवला. पण ९५ टक्क्यांची अट ठेवली आणि पर्यायी चाचणी देणाऱ्यांवर राज्यातील एकूण परीक्षार्थींच्या १ टक्क्याची मर्यादा घातली. वगळण्याची वाट अरुंद झाली.

१३/ पहिल्या वर्गाकडे परत येऊ. ६४ ही सरासरी ७० पेक्षा कमी दिसते, पण ती ३० मुलांची आहे. त्या चौघांचे २५ गुण कागदावर उतरले, तेव्हाच ‘२५ च का?’ हा प्रश्न विचारता आला. पुढच्या वेळी एखादा राष्ट्रीय निकाल वाचताना आकड्याआधी हे पाहावे : परीक्षेला कोण बसले होते, आणि प्रश्न कोणत्या भाषेत होता.